मोहरीएवढा श्वास: ध्रुवावरची हवा बाटलीत कशी भरायची

या उत्तरायणाला अख्खं बडोदं पतंगांच्या मागे होतं. आमच्या दांडिया बाजारातल्या अगाशीवर (गच्चीला आम्ही बडोदेकर अगाशीच म्हणतो) मात्र एक मुलगी लोकरीच्या हातमोज्यांवर जाड चामडी हातमोजे चढवून, श्वास रोखून वाऱ्याला सामोरी चालत होती. हातात लोणच्याची रिकामी बरणी. शेजारच्या अगाशीवरून 'कायपो छे'चा (पतंग कापल्याचा) गजर झाला की ती दचकायची, श्वास सुटायचा आणि मी म्हणायचो, "बाद. पुन्हा."

ती आमच्याच वाड्यातली. सयाजीराव विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकली. भारताचं 'हिमाद्री' हे आर्क्टिक केंद्र आहे ना, तिथे हवेच्या कामासाठी जायची तिची खटपट चालली आहे. मी उपकरणांचा माणूस. नोकरीत असताना अंटार्क्टिकात भारताच्या 'मैत्री' केंद्रावर एक पूर्ण हिवाळा काढला. हवामानाची उपकरणं, ओझोन मोजणारे फुगे आणि एका संशोधन गटानं सोपवलेल्या हवेच्या बाटल्या सांभाळल्या. "काका, तयारी कुठून करू?" असं तिनं विचारलं, तेव्हा जे सांगितलं आणि करून घेतलं ते इथे लिहितो. आपल्या घरांतली आणखी मुलं या वाटेला लागावीत असं मला फार वाटतं.

कपडे, बूट, गॉगल यांची काळजी करू नका. ते सगळं मोहिमेतर्फे मिळतं. अंटार्क्टिकाला जाणाऱ्यांची दिल्लीच्या एम्समध्ये कसून वैद्यकीय तपासणी होते, औलीला भारत-तिबेट सीमा पोलीस बर्फात चालायला, दोरावर उतरायला शिकवतात, आणि गोव्याची ध्रुवीय संशोधन संस्था बाकीचं पाहते. हवेचा नमुना घ्यायची शिस्त मात्र आठवड्याभरात अंगात मुरत नाही. ती घरून घेऊन जावी लागते.

आधी मोहरीचा हिशेब

पहिल्या दिवशी मी तिला अगाशीवर नेलंच नाही. स्वयंपाकघरात बसवलं, कागद-पेन्सिल दिली आणि मिसळणाच्या डब्यातून मोहरीचा एक दाणा तिच्या तळहातावर ठेवला.

आज बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत साधारण सव्वाचारशे भाग असतो, म्हणजे ४२५ पीपीएम. १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाईच्या मौना लोआवर मोजायला सुरुवात केली तेव्हा तो ३१५च्या आसपास होता. आपण बाहेर टाकतो त्या श्वासात हाच वायू जवळपास चार टक्के असतो, म्हणजे ४०,००० पीपीएम. बाहेरच्या हवेच्या जवळजवळ शंभरपट.

आता अपेक्षा पाहा. जगभरच्या प्रयोगशाळांची मापं एकमेकांशी किती जुळावीत याची जागतिक हवामान संघटनेनं मर्यादा घातली आहे. कार्बन डायऑक्साइडसाठी ती उत्तर गोलार्धात ०.१ पीपीएम आणि दक्षिण गोलार्धात ०.०५ पीपीएम. दक्षिणेत जास्त कडक, कारण तिथे जमीन आणि जंगलं कमी. अलास्काच्या उत्तर टोकाला झाडांच्या श्वासामुळे वर्षभरात आकडा १५ पीपीएमहून जास्त वर-खाली होतो. दक्षिण ध्रुवावर हीच हालचाल एक-दोन पीपीएमच्या घरात. जिथे खरा फरकच इतका बारीक, तिथे मापातली चूक त्याहून खूप बारीक हवी.

बाटली अडीच लिटरची धरा. तिच्यातल्या हवेचा आकडा ०.०५नं बिघडायला किती श्वास आत जावा लागेल? मुलीनं भागाकार केला: साधारण तीन घनमिलिमीटर. तळहातावरचा मोहरीचा दाणा बरोबर तेवढा.

ती बराच वेळ त्या दाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी उत्तरेला जाणार. मला दोन दाणे चालतील." हिशेब अचूक होता. मी म्हटलं, चालतील, पण तालीम एकाचीच कर.

सांगायचं ते एवढंच आहे. ध्रुवावर हवा स्वच्छ असते, धूर नाही, धूळ नाही, रहदारी नाही. नमुन्याच्या सगळ्यात जवळ असलेलं घाणीचं उगमस्थान म्हणजे नमुना घेणारा माणूस. तुमचा श्वास, तुमचा जनरेटर, तुमची गाडी, तुमचा फुगा. पुढची प्रत्येक पायरी यातून निघते, म्हणून पाठ करायची गरज पडत नाही.

वारा बघायला उदबत्ती

वाऱ्याचं नाव तो जिकडून येतो त्या दिशेवरून पडतं, हे पतंगवाल्यांना सांगावं लागत नाही. पण पतंगवाला वरचा वारा बघतो. नमुना घेणाऱ्याला डोक्याच्या उंचीवरचा वारा कळला पाहिजे, आणि तो भिंतींच्या, टाक्यांच्या आड फार फसवा असतो.

अगाशीच्या चारही कोपऱ्यांत आणि पाण्याच्या टाकीच्या दोन्ही बाजूंना एकेक उदबत्ती लावा आणि अर्धा तास नुसतं बघा. मोकळ्या बाजूची धुराची रेघ सरळ जाईल. टाकीच्या आडोशाची रेघ मात्र उलटी फिरेल, टाकीकडेच परत येईल, कधी खाली बसेल. आडोशाला वारा भोवरा करतो आणि तिथली हवा तिथेच घोळत राहते. आपल्या पाठीमागेही असाच भोवरा असतो. म्हणून नमुना कधीही इमारतीच्या, टाकीच्या किंवा माणसाच्या आडोशाला घ्यायचा नाही. कठड्यापाशीही नको, तिथे भिंतीवरून वर चढणारा वारा खालच्या रस्त्याचा धूर घेऊन येतो. आमच्याकडे तर खाली सकाळी शेवउसळीच्या गाडीचा स्टोव्हच असतो.

ध्रुवांवरच्या मोठ्या प्रयोगशाळा याच विचारानं बांधल्या आहेत. दक्षिण ध्रुवावर अमेरिकेची वेधशाळा मुख्य केंद्राच्या अलीकडे, वारा जिकडून येतो त्या अंगाला आहे. तिथे नव्वद टक्क्यांहून जास्त वेळ वारा एकाच बाजूनं वाहतो आणि त्या बाजूचा पट्टा 'स्वच्छ हवेचा' म्हणून राखून ठेवला आहे. तिकडे गाडी न्यायची नाही, पायीसुद्धा उगाच फिरायचं नाही. (ध्रुवावर उभं राहिलं की सगळ्याच दिशा उत्तर, त्यामुळे तिथे ग्रिनिचच्या रेखावृत्ताची बाजू 'उत्तर' धरून दिशा ठरवतात.) हिमाद्री नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर ज्या गावात आहे त्या न्यू-ओलेसुंडमध्ये गाव खाली फ्योर्डच्या (डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या) काठाशी आणि झेपेलिन वेधशाळा डोंगरावर ४७४ मीटर उंचीवर, रोपवेनं जायचं. गावातल्या चुली-इंजिनांचा धूर सहसा खालच्या थरातच राहतो. मैत्रीला, शिर्माकर ओअॅसिस या बर्फ नसलेल्या पट्ट्याच्या खडकांवर, वारा बहुतेक आग्नेयेकडून, हिमस्तरावरून उतरत येतो. तो वाहत असला आणि जनरेटर आपल्या वायव्येला असला की मन निश्चिंत असायचं. वारा फिरला की बाटल्यांची पेटी उघडायचीच नाही, कितीही दिवस थांबावं लागलं तरी.

आणखी एक नियम: अंगावर वारा जाणवत नसेल तर परत या. वेग सेकंदाला दोन मीटरच्या खाली असला की तुमचाच श्वास तुमच्याभोवती तरंगत राहतो. ध्रुवावर वादळापेक्षा मला या शांत दिवसांचीच जास्त धास्ती वाटायची, कारण अशा दिवशी बाहेर जायचा मोह होतो.

मीटरवर स्वतःला बघा

बाजारात कार्बन डायऑक्साइडचे छोटे मीटर मिळतात. अवरक्त किरण सोडून हवेनं त्यातले किती शोषले ते मोजणारा मीटर घ्या. 'एनडीआयआर' असं लिहिलेलं असतं. ध्रुवावरच्या मोजणीला तो निरुपयोगी आहे. असे बरेच मीटर गेल्या काही दिवसांतला सगळ्यात कमी आकडा म्हणजेच ४०० असं स्वतःच धरून स्वतःला सुधारतात. खऱ्या वेधशाळेत दर थोड्या वेळानं ज्ञात मिश्रणाच्या सिलिंडरमधला वायू सोडून उपकरण तपासतात. पण सवय लावायला हा मीटर उत्तम गुरू आहे.

मीटर हातात घेऊन वाऱ्याकडे तोंड करा, हात पुढे लांबवा आणि दोन मिनिटं नेहमीसारखा श्वास घ्या. आकडा फारसा हलणार नाही. आता पाठ वाऱ्याकडे करा, बाकी सगळं तसंच. आमच्या अगाशीवर ४३५चा आकडा बघता बघता ६८०वर गेला. मुलगी "अरे बापरे" म्हणाली आणि पुढच्या वेळेपासून अगाशीवर आल्या आल्या आधी तोंड वाऱ्याकडे करायला लागली.

मग उत्तरायणाच्या दुपारी, चौदा माणसं, तिळाच्या चिक्कीचे डबे आणि उंधियूचं पातेलं अगाशीवर असताना पुन्हा तोच प्रयोग केला. वारा पडला की गर्दीतला आकडा चढायचा, झुळूक आली की उतरायचा. एका केंद्रात पंचवीस माणसं हिवाळा काढतात तेव्हा दाराबाहेर नेमकं काय होतं, ते तिला न सांगता समजलं.

हा मीटर बरोबर न्यायचा विचार असेल तर एक ध्यानात ठेवा. न्यू-ओलेसुंडमध्ये आकाशातले क्षीण रेडिओ संकेत टिपणाऱ्या मोठ्या अँटेना आहेत, त्यामुळे भोवतालच्या वीस किलोमीटरांत वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं. ब्लूटूथवर चालणारं काहीही तिथे चालणार नाही. फोनही विमानातल्यासारखा ठेवायचा.

बाटली

मी वापरलेल्या बाटल्या जाड काचेच्या, आतली हवा पूर्ण काढून टाकलेल्या होत्या. वर घट्ट तोटी. निर्वात काच फुटली तर तुकडे उडतात, म्हणून बाहेरून चिकटपट्टी गुंडाळलेली असते. ती सुटली असेल तर ती बाटली वापरू नका. काही ठिकाणी निर्वात बाटलीऐवजी पंप असतो. उंच काठीवरच्या नळीतून तो हवा खेचतो, एकामागे एक जोडलेल्या दोन बाटल्या आधी बराच वेळ त्या हवेनं धुऊन काढतो आणि मग दाब देऊन भरतो. पंपाची शिस्त सोपी: सुरू करा आणि लांब जा. निर्वात बाटलीची शिस्त माणसाच्या अंगावर असते, म्हणून ती सविस्तर सांगतो.

निघण्याआधी नोंदवहीत तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, वेग, तापमान आणि बाटल्यांचे क्रमांक लिहून टाका. बाहेर बोटं चालत नाहीत. पेन नको, शाई गोठते. पेन्सिल, आणि ती दोरीनं वहीला बांधलेली.

जागेपाशी येताना वाऱ्याला सामोरे चालत या, म्हणजे तुमची सगळी हवा मागे राहील. ठरलेल्या जागेच्या वीस-पंचवीस पावलं अलीकडे थांबा. चालून धाप लागलेली असते, जाड कपड्यांत आणखीनच. धाप पूर्ण बसू द्या. पेटी तिथेच ठेवा, एकच बाटली घ्या. तीन-चार संथ श्वास घ्या. मग एक श्वास आत घ्या, थोडासा सोडा आणि रोखा. छाती गच्च भरून रोखला तर तो लवकर आणि भसकन सुटतो. थोडा सोडून रोखलेला जास्त टिकतो. हे पोहणाऱ्यांना माहीत असतं.

रोखलेल्या श्वासानिशी वाऱ्याला सामोरे दहा पावलं चाला. या दहा पावलांत तुमच्या कपड्यांत अडकलेली उच्छ्वासाची हवा मागे धुऊन निघते. टोपीच्या झालरीत, गळपट्ट्यात ती साठलेली असते. थांबा. बाटली समोर, डोक्याच्या वर, हात पूर्ण लांब. तोंड वाऱ्याकडे. तोटी हळूच उघडा.

'सूंऽऽ' असा बारीक आवाज येतो. त्या रानात दुसरा आवाज नसतो, त्यामुळे तो फार स्पष्ट ऐकू येतो आणि मला तो फार आवडायचा. हवा आत शिरते आहे. आवाज थांबला की मनात पाच आकडे मोजा, तोटी बंद करा, घट्ट झाली का बघा. मगच मागे वळा आणि वारा जातो त्या अंगाला, बाटलीपासून तोंड फिरवून श्वास सोडा.

मध्येच श्वास सुटला तर? तोटी उघडण्याआधी सुटला असेल तर परत वीस पावलं मागे या आणि पहिल्यापासून सुरू करा. उघडल्यावर सुटला असेल तर बाटली बाद, आणि तसं लिहा. 'थोडासाच सुटला' असं काही नसतं. मोहरीचा दाणा आठवा.

लगेच दुसरी बाटली, त्याच जागी, त्याच पद्धतीनं. नमुना नेहमी जोडीनं. एकाच वाऱ्यात, दहा मिनिटांच्या अंतरानं भरलेल्या दोन बाटल्यांत फरक असायचं काही कारण नाही. फरक आला तर हवा बदललेली नसते, हात चुकलेला असतो. जोडीत अर्ध्या पीपीएमहून जास्त तफावत आली की अमेरिकेच्या हवा-नमुन्यांच्या जाळ्यात तो नमुना शंकास्पद म्हणून बाजूला काढतात.

खोलीत आणल्यावर बाटली हीटरजवळ ठेवू नका. उणे २५ अंशांत भरलेली हवा २० अंशांच्या खोलीत आली की तिचा दाब साधारण १८ टक्क्यांनी वाढतो. तोटी घट्ट असेल तर हरकत नाही. बारीक गळती असलीच तर आतली हवा बाहेर जाते, खोलीतली आत येत नाही, हे आपल्या पथ्यावरच पडतं. पण नीट न बसलेली तोटी या दाबानं सरकू शकते. म्हणून आत आल्यावर अर्ध्या तासानं पुन्हा एकदा हात लावून बघा. थंडीत रबराची कडी कडक झालेली असते, बाहेर घट्ट वाटलेली तोटी आत सैल निघू शकते.

घरच्या तालमीला काचेची बरणी पुरते. आम्ही दोन जोड मोजे घालून आधी झाकण उघडायचा सराव केला, मग मोज्यांवरून बर्फाचे खडे चोळून, मग डोळे मिटून. न्यू-ओलेसुंडला ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही, आणि डिसेंबर २०२३पासून हिमाद्रीवर हिवाळी मोहिमाही सुरू झाल्या आहेत. अंधारात बॅटरीच्या उजेडात काम करायचं म्हणजे बोटांनाच सगळं पाठ असलं पाहिजे.

एक ओळ राहिली

ही गोष्ट सांगायला मला जड जातं, पण तिच्याशिवाय ही माहिती अपुरी राहील.

त्या हिवाळ्यात, सूर्य नसलेल्या दिवसांत, मी एक जोडी भरली. वारा उत्तम, श्वास शेवटपर्यंत रोखलेला, दोन्ही बाटल्या नीट. परत येताना लांबवर आमच्या बर्फावरच्या गाडीचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. कोणीतरी ते गरम करायला लावलं असेल, आपण तर वारा येतो त्या अंगाला आहोत, असा विचार केला आणि वहीत काही लिहिलं नाही. आत जाऊन चहा घेतला.

बाटल्या उन्हाळ्यात जहाजानं गेल्या. आकडे हाती आले तेव्हा मी बडोद्यात परतलो होतो. दोन्ही बाटल्यांचे आकडे एकमेकांशी जुळत होते आणि दोन्ही आजूबाजूच्या आठवड्यांपेक्षा चढे होते. मला फोन आला, "त्या दिवशी काही वेगळं घडलं होतं का?" मला गाडी आठवली. पण ती माझ्या बाटल्यांच्या आधी सुरू झाली होती की नंतर, किती वेळ चालली, कुठे उभी होती, यातलं काहीच खात्रीनं सांगता येईना. दीड वर्षापूर्वीची आठवण म्हणजे पुरावा नव्हे. तो नमुना रद्द झाला. इंजिनचा आवाज आला, अमुक वेळी, अमुक दिशेला, एवढी एक ओळ असती तर निदान निर्णय घेता आला असता.

म्हणून वहीबद्दल मी फार हट्टी आहे. वेळ नेहमी जागतिक प्रमाणवेळेत लिहा, भारतीय वेळेत नाही. साडेपाच तासांचा घोळ एकदा शिरला की निस्तरता येत नाही. घड्याळच त्या वेळेला लावून ठेवा. खोडरबर वापरू नका. चुकलं तर एक रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. जे पाहिलं, ऐकलं, वास आला, ते सगळं लिहा, महत्त्वाचं वाटो न वाटो. डिझेलचा वास, विमान, गाडी, स्वयंपाकघराचा धूर, स्वतःला आलेला खोकला. काय महत्त्वाचं ते आकडे बघणारा ठरवेल.

अशा कोरड्या वह्यांनीच मोठ्या गोष्टी उजेडात आणल्या. कीलिंग यांनी १९६० साली कार्बन डायऑक्साइड वर्षागणिक वाढतो आहे असं मांडलं, त्यात दक्षिण ध्रुवावरच्या नमुन्यांचा मोठा आधार होता. अंटार्क्टिकातल्या हॅली केंद्रावर ब्रिटिशांनी १९५०च्या दशकापासून एकाच प्रकारच्या उपकरणानं ओझोन मोजत ठेवला. जवळजवळ तीस वर्षांनी, १९८५ साली, फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी त्या नोंदींवरून ओझोनचा खड्डा जगाला दाखवला. दोन वर्षांनी ओझोन फोडणाऱ्या रसायनांना आळा घालणारा मॉन्ट्रियलचा करार झाला. त्या तीस वर्षांत थंडीत उभं राहून आकडे लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण काय लिहितो आहोत याची कल्पना नसणार.

फुगा, म्हणजे उलटा पतंग

ओझोनचा फुगा सोडणं हे बडोद्याच्या पोराला लवकर जमतं असा माझा अनुभव आहे. दोन माणसं, एक फुग्यापाशी, एक उपकरणापाशी. वाऱ्याचा अंदाज, दोरी, आणि ढील देण्याची नेमकी वेळ.

उपकरण थर्माकोलच्या डब्यात असतं. आत एक छोटा पंप बाहेरची हवा पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून बुडबुड्यांनी सोडतो. ओझोन आयोडीन मोकळं करतो, त्यातून वीज वाहते. ओझोनच्या एका रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन. ही वीज काही मायक्रोअॅम्पियर एवढीच, म्हणून काचेला बोट लागलं, नळीत धूळ गेली तरी आकडा बिघडतो. तयारी काही दिवस आधी सुरू करावी लागते: आधी भरपूर ओझोन सोडून नळ्या 'शांत' करायच्या, म्हणजे पुढे त्याच ओझोन खाणार नाहीत, द्रावण भरायचं, उडवायच्या दिवशी पुन्हा तपासायचं, शंभर मिलिलिटर हवा खेचायला पंपाला किती सेकंद लागतात ते मोजायचं आणि ओझोन नसताना किती वीज वाहते ते टिपायचं. यातली एकही पायरी घाईत उरकू नका. वर गेलेलं उपकरण दुरुस्त करता येत नाही.

फुग्याखाली उपकरण निदान तीसेक मीटर दोरीवर टांगतात. जमिनीवर एवढी दोरी मोकळी सोडली तर गुंता होईल, म्हणून ती फिरकीसारख्या चाकावर गुंडाळलेली असते आणि वर जाता जाता हळूहळू सुटते. मुलीनं विचारलं, एवढी लांब कशाला? कारण फुगा स्वतः उन्हानं तापतो, त्याच्या कातडीवर ओलावा असतो. त्याच्या मागच्या भोवऱ्यात उपकरण आलं तर ते आकाशाची हवा न मोजता फुग्याची मोजेल. टाकीमागची उदबत्ती तिला तेव्हा आठवली.

सेकंदाला साधारण पाच मीटर वेगानं फुगा चढतो, पावणेदोन तासांत तीस किलोमीटरांवर जातो आणि फुटतो. हिवाळ्यात वरच्या भयंकर थंडीत रबर कडक होऊन तो लवकर फुटतो, म्हणून भरण्याआधी फुगा ऊबेत ठेवतात किंवा तेलात बुडवून काढतात. वायू हायड्रोजन असेल तर ठिणगीची भीती खरी धरा. ध्रुवावर हवा इतकी कोरडी की स्वेटर काढतानाही चटचट ठिणग्या पडतात. फुग्याच्या खोलीत शिरण्याआधी जमिनीला जोडलेल्या पट्टीला हात लावा, लोकरीचे आणि नायलॉनचे कपडे एकमेकांवर घासू देऊ नका, फोन बाहेर ठेवा.

अंटार्क्टिकात ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत फुगे जास्त सोडतात. हिवाळाभर अंटार्क्टिकावरची हवा एका मोठ्या भोवऱ्यात अडकून थंड होत जाते, उणे ७८ अंशांच्या खाली तिथे खास ढग बनतात, आणि त्यांच्या कणांवर क्लोरिन मोकळं व्हायच्या तयारीत येतं. सूर्य परतला की ते ओझोन फोडायला लागतं. ओझोनचा सगळा थर जमिनीवर आणून पसरला तर तो एरवी तीन मिलिमीटर भरेल, जाडसर पोळीएवढा, २.२ मिलिमीटरच्या खाली गेला की त्याला खड्डा म्हणतात. ऑक्टोबरच्या एका उड्डाणात १४ ते २१ किलोमीटरांच्या दरम्यान माझ्या पडद्यावरची रेघ डावीकडे शून्याला टेकली. आधी मला वाटलं पंप बंद पडला. पण उपकरण आणखी वर गेलं आणि रेघ पुन्हा उजवीकडे सरकली. पंप चालू होता. ओझोनच नव्हता. वाचलेली गोष्ट स्वतःच्या हातानं बांधलेल्या डब्यातून येताना पाहिली, त्या रात्री मला झोप आली नाही.

थोडं इतर

काजळी मोजणारी यंत्रं, धूलिकणांच्या गाळण्या, यांना हाच नियम: वारा जनरेटरकडून असेल तेव्हाचे आकडे वेगळे काढा. वादळानंतर हवा खेचणाऱ्या नळीच्या तोंडाशी बर्फ जमतो; यंत्र मजेत चालू दिसतं आणि खोलीतलीच हवा मोजत बसतं, म्हणून रोज जाऊन डोळ्यांनी बघा. उघड्या हातानं धातू धरू नका. कॅमेरा आणि बॅटरी अंगाशी, आतल्या खिशात.

न्यू-ओलेसुंडमध्ये भारताची काही उपकरणं गावाबाहेरच्या ग्रुवेबाडेट प्रयोगशाळेत आहेत. तिथे एकेकाळी कोळशाच्या खाणी होत्या आणि ही जागा खाणकामगारांचं न्हाणीघर होती. १९६२च्या स्फोटात २१ माणसं गेली आणि खाण कायमची बंद झाली. आता तिथे युरेशियातून हिवाळ्याच्या अखेरीस येणारा धुरकट थर मोजतात. गावाबाहेर पाऊल टाकायचं तर ध्रुवीय अस्वलांपायी बंदूक आणि ती चालवायचं शिक्षण लागतं. मुलीच्या आईला हे अजून सांगितलेलं नाही. ते तिनंच सांगायचं आहे.

वासी उत्तरायणाच्या, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या, संध्याकाळी वारा पश्चिमेकडून आला, पुरेसा. खाली शेवउसळीची गाडी बंद होती. मुलीनं वही उघडली, वेळ प्रमाणवेळेत लिहिली, वारा, तापमान, बरणी क्रमांक एक आणि दोन. पहिली बरणी भरली. दुसरीच्या वेळी, झाकण उघडल्यावर, कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. तिनं श्वास सोडला नाही. झाकण बंद केलं, मागे वळली, श्वास टाकला, आणि धापा टाकत आधी पेन्सिल उचलून लिहिलं: "१२:५२, फटाके, साधारण वायव्येकडून, अर्धा मिनिट. बरणी दोन तेव्हा उघडी."